रोज पान फाडायचं २०२६ चं कॅलेंडर : परिपाठात वापरून

महिन्याचं मोठं कॅलेंडर बहुतेक मराठी घरांत असतंच. जयंतराव साळगांवकरांनी १९७३ साली 'कालनिर्णय' काढलं तेव्हापासून पंचांग, सणवार आणि मागच्या पानावर वाचायला मजकूर, या तिन्हीची सवयच लागली आपल्याला. मी लिहिते आहे ते मात्र दुसऱ्या प्रकाराबद्दल. पुठ्ठ्यावर ठोकलेला जाड गठ्ठा, वर पत्र्याची पट्टी, आणि रोज सकाळी कालचं पान फाडायचं. पूर्वी किराणा दुकानात गल्ल्यामागे हमखास दिसायचा. आता कमी दिसतो, पण मिळतो.

डिसेंबरअखेर शाळेसाठी रजिस्टरं आणायला लातूरला गंजगोलाईत गेले होते, तिथं एकशे ऐंशी रुपयांना घेतला. मी औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गठ्ठा व्हरांड्यात फळ्याशेजारी लावला आहे आणि त्याचा मुख्य उपयोग परिपाठात होतो. असे तीन-चार गठ्ठे बाजारात आहेत, साचा साधारण एकच. म्हणून प्रकाशकाचं नाव घेत नाही. गुण आणि उणिवा दोन्ही बऱ्याच गठ्ठ्यांना लागू पडतील.

आधी वस्तू कशी आहे ते. तळहाताहून थोडं मोठं पान. मधोमध तारखेचा ठळक आकडा, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी लाल. वर शके, महिना, पक्ष, तिथी. एका कोपऱ्यात भारतीय सौर दिनांक, दुसऱ्यात हिजरी. आकड्याखाली सूर्योदय-सूर्यास्त, आणि सगळ्यात खाली दोन ओळींचा दिनविशेष. छपाई सुबक आहे. आकडा मागच्या बाकावरून वाचता येतो, दिनविशेष मात्र पुठ्ठ्याला नाक लावल्याशिवाय दिसत नाही. कागद पातळ आहे, पण पान पट्टीच्या कडेला सरळ फाटतं, अर्धं अडकून राहत नाही. लहान मुलांच्या हातात द्यायच्या वस्तूत ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आमचा परिपाठ नेहमीचा. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, मग सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, शेवटी पसायदान. दिनविशेष वाचायची पाळी रोज एका मुलाची. पूर्वी मुलं मोबाइलवरून उतरवून आणायची; पंधरा-पंधरा जन्म-मृत्यू, एका दमात, आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागायचं नाही. गठ्ठ्यावर दोनच ओळी असतात. त्या दोन ओळींवर बोलायला वेळ उरतो, हा या कॅलेंडरचा मला दिसलेला सगळ्यात मोठा गुण.

पण त्या दोन ओळी कशा लिहिल्यात यावर सगळं आहे. १९ फेब्रुवारीचं पान घ्या. 'छत्रपती शिवाजी महाराज जयंती', त्याखाली बारीक अक्षरात 'फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शिवनेरी'. इतकंच. पण या एका ओळीमुळे सातवीच्या वर्गात पाऊण तास गेला. मार्चमध्ये पुन्हा तिथीप्रमाणे जयंती का येते, शके १५५१ म्हणजे इसवी सन कोणता, पूर्वी १६२७ हे साल का धरायचे आणि जेधे शकावलीमुळे, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींमुळे, ते का बदललं, हे सगळं बोलून झालं. लोकमान्य टिळकांनी ती शकावली १९१६ साली प्रसिद्ध केली. एका देशमुख घराण्याने जपलेल्या जुन्या कागदांवरून महाराजांची जन्मतिथी नक्की होऊ शकते, हे मुलांना फार नवल वाटलं. मग प्रत्येकाच्या घरी जुने कागद कोणते आहेत याची चौकशी सुरू झाली. एका मुलाने आजोबांकडच्या जमिनीच्या कागदाचा फोटो आणला, त्यावर साल फसली. आमचा भाग निजामाच्या राज्यात होता, तेव्हा सरकारी कामात फसली सन चाले. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतं. मुलांनी फळ्यावर बेरीज करून सालं काढली. त्या दिवशीचं गणित वेगळं शिकवावं लागलं नाही.

आता याच्या उलट पान सांगते. २३ फेब्रुवारी. 'संत गाडगेबाबा जयंती'. संपलं. बाबांचा जन्म १८७६ चा, म्हणजे यंदा दीडशे वर्षं पूर्ण झाली. तेवढं तरी छापायचं! अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, हातातला खराटा, दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं, यातला एक शब्दही नाही, आणि अर्धी जागा कोरी. वाचणाऱ्या मुलीनेही तेवढंच वाचलं आणि खाली बसली. त्या दिवशी मी परिपाठ थांबवून बाबांबद्दल सांगितलं आणि मग सगळ्यांनी मिळून मैदान झाडलं.

'जयंती' आणि 'पुण्यतिथी' एवढे दोनच शब्द लिहून कुणाचंही स्मरण होत नाही. माणूस कुठला, त्याने काय केलं, यातलं निदान एक तरी हवं. १ ऑगस्टचं पान मी पुढे चाळून पाहिलं. त्यावर टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती दोन्ही आहेत, पण साल फक्त टिळकांपुढे. खरं तर दोन्हीचं साल एकच, १९२०. मुंबईत सरदारगृहात टिळक गेले त्याच दिवशी सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात अण्णा भाऊ जन्मले. पानावर जागा होती, चार आकडे आणखी बसले असते, आणि वाचणाऱ्या मुलाला ते आपोआप दिसलं असतं. मी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे.

तारखांच्या बाबतीत हे कॅलेंडर बहुतांशी बिनचूक आहे, हे मोकळेपणाने सांगते. मी जी जी पानं पडताळली त्यांत चुकीचं साल सापडलं नाही. अडचण होते ती तारीख मोजण्याच्या रीती वेगळ्या असतात तिथं. न्यूटनचा जन्म ४ जानेवारीलाही छापलाय आणि २५ डिसेंबरलाही. दोन्ही बरोबर आहेत. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं, त्याप्रमाणे २५ डिसेंबर १६४२, आजच्या हिशोबाने ४ जानेवारी १६४३. पण हे कुठंच सांगितलेलं नाही, त्यामुळे मुलाला वाटणार की एक पान चुकलं. तसंच २० जुलैला 'मानवाचे चंद्रावर पहिले पाऊल (१९६९)'. अमेरिकेत तेव्हा २० तारखेची रात्र होती. आपल्याकडे २१ जुलै उजाडून सकाळचे साधारण साडेआठ झाले होते. मराठी कॅलेंडरने ही गोष्ट २१ च्या पानावर टाकावी किंवा कंसात लिहावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

जानेवारीतल्या दोन पानांवर मात्र खरोखर थांबून विचार करण्यासारखं आहे. १४ जानेवारीला छापलंय, 'पानिपतची तिसरी लढाई, मकरसंक्रांतीचा दिवस (१७६१)'. लढाईची तारीख बरोबर, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. संक्रांत मात्र त्या दिवशी नव्हती. पुरावा याच गठ्ठ्यात दोन पानं आधी आहे. १२ जानेवारी, स्वामी विवेकानंद जयंती, १८६३. विवेकानंदांचा जन्म झाला तो दिवस मकरसंक्रांतीचा होता आणि तारीख १२ होती. आपली संक्रांत इंग्रजी तारखांच्या मानाने सत्तरेक वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते. १८६३ साली ती १२ ला, तर त्याच्याही शंभर वर्षं आधी पानिपताच्या साली ती आणखी अलीकडे, आजच्यापेक्षा तीन-चार दिवस आधी येऊन गेलेली होती. सहावी-सातवीच्या मुलांना हे फळ्यावर आडवी रेघ मारून दाखवलं आणि त्यांना ते नीट समजलं. छापणाऱ्याने हे दोन शब्द पुढच्या वर्षी काढून टाकावेत.

पंचांगाच्या बाजूने गठ्ठा समाधानकारक आहे. आमच्या सासूबाई दाते पंचांगावर वाढलेल्या. ते सोलापूरचं, आणि सोलापूर जवळ, त्यामुळे या भागात दातेच प्रमाण. त्यांनी तिथी ताडून पाहिल्या आणि पसंती दिली. ६ जानेवारीला अंगारकी आणि दर्पण दिन एकाच पानावर आले. १८३२ साली त्याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, म्हणून आपण पत्रकार दिन पाळतो. अंगारकीचा मजकूर मोठा आणि दर्पणाला चिमुकली ओळ, तरी दोन्ही होते.

चंद्रोदयाची वेळ मुंबईची दिलेली असते. ते बारीक अक्षरात लिहिलंय, पण आपल्याकडचा उपास सोडणारा माणूस ते वाचत नाही. मुंबई पावणेत्र्याहत्तर रेखांशावर, लातूर साडेशहात्तरच्या थोडं पुढे. फरक पावणेचार अंशांचा आणि एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे लातूरला सूर्य आणि चंद्र दोन्ही मुंबईच्या साधारण पाव तास आधी उगवतात. मुंबईची वेळ धरून बसणाऱ्या म्हातारीला उगाच पंधरा मिनिटं जास्त उपाशी राहावं लागतं. चार-पाच शहरांचा फरक पुठ्ठ्याच्या मागे छापला तरी पुरे, एकदाच छापायचं आहे.

गुढीपाडव्याचं पान, १९ मार्च, छान जमलंय. 'शके १९४८, पराभवनाम संवत्सर प्रारंभ'. नाव ऐकून मुलं दचकली, असं अशुभ नाव का? साठ संवत्सरांची नावं ठरलेली आहेत आणि ती फिरून फिरून येतात, याआधी हेच नाव १९६६ साली होतं, एवढं सांगितल्यावर निवळली. मग तीनच दिवसांनी, २२ मार्चला, कोपऱ्यात भारतीय सौर १ चैत्र १९४८. एकाच शकाचे दोन आरंभ! मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सुचवलेली ही राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू झाली. आकाशवाणीवर ती तारीख रोज ऐकलेली असते, पण बघायला मिळते ती अशा कोपऱ्यातच.

या वर्षीची खरी गंमत अधिक महिन्याची. १७ मेपासून १५ जूनपर्यंत प्रत्येक पानावर 'अधिक ज्येष्ठ'. शाळेला सुट्टी होती, म्हणून ही पानं मी घरी नेऊन जपून ठेवली आणि शाळा उघडल्यावर वर्गात मांडली. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी कमी. ती तूट साठत जाते आणि ज्या चांद्रमहिन्यात सूर्याचं एकही संक्रमण होत नाही, म्हणजे तो एका राशीतून दुसरीत जात नाही, तो अधिक धरतात. घरोघरी जावई येऊन धोंडे जेवून गेलेले, त्यामुळे धोंड्याचा महिना म्हणजे काय हे मुलांना पोटातून ठाऊक होतं. आकाशात काय होतं ते आता कळलं.

आणि तेव्हाच चौथीतल्या एका पोराने विचारलं, "मॅडम, ह्याच्यात येळवस कुठंय?"

लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या. त्या दिवशी अख्खं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच पांडव मांडून पूजा करायची. चुक्याचा पाला आणि ओल्या तुरी-हरभऱ्याची भज्जी, बाजरीची भाकरी, उंडे, आणि मडक्यातलं आंबील. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवायचं. जिल्ह्यात सुट्टी असते, लातूर शहरात दुपारी चिटपाखरू दिसत नाही. आमच्यासाठी दिवाळीइतकाच मोठा सण.

त्या पोराने सगळा गठ्ठा शेवटून चाळला होता. सापडली नाही म्हणून मी पुन्हा पाहिला. नाहीच. आणि ती छापणाऱ्याची चूक नव्हे. मागची येळवस डिसेंबर २०२५ मध्ये झाली. यंदा मध्ये अधिक महिना घुसल्यामुळे पुढचे सगळे महिने लांबले, मार्गशीर्ष अमावस्या थेट जानेवारी २०२७ मध्ये गेली. म्हणजे २०२६ या इंग्रजी वर्षाच्या ३६५ पानांत येळवस एकदाही येत नाही! वर्गात क्षणभर सगळी गप्प. "मग ह्या वर्षी भज्जी नाही?" असा प्रश्न आला. भज्जी आहे, फक्त वर्षाचा आकडा बदलल्यावर, असं सांगितलं तेव्हा जीवात जीव आला. अधिक मासाचं गणित मी अनेकदा शिकवलंय, पण ते मुलांच्या इतकं वर्मी कधी लागलं नव्हतं.

मात्र एक विचारावंसं वाटतं. जानेवारी २०२७ च्या पानावर तरी हे कॅलेंडर 'वेळा अमावस्या' लिहील का? की नुसतं 'दर्श अमावस्या' लिहून मोकळं होईल? कारण आमच्या भागाच्या बाबतीत हा गठ्ठा हात आखडता घेतो, आणि ही माझी मुख्य तक्रार आहे.

१७ सप्टेंबरचं पान पाहा. 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन'. साल नाही, नाव नाही. देश १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला आणि आम्ही पुढचं वर्षभर निजामाच्या राज्यात होतो. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य आत आलं, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ या लढ्याच्या पुढाऱ्यांपैकी एक नाव तरी त्या कोऱ्या जागेत बसलं असतं. पुण्या-मुंबईच्या मुलाने हे पान फाडलं तर त्याला काय कळणार की त्याच्याच राज्यातल्या एवढ्या मोठ्या भागाला स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा मिळालं?

३० सप्टेंबरला 'किल्लारी भूकंप (१९९३)' आहे. एवढं तरी छापलं म्हणून मी आभारच मानते, कारण कित्येक ठिकाणी तेही नसतं. किल्लारी आमच्याच तालुक्यात. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले, आणि दगड-मातीची जाड भिंतींची घरं त्यांच्या अंगावर आली. हजारो माणसं गेली, गावंच्या गावं उठून नव्या जागी वसली. आमच्या शाळेतल्या अनेक मुलांच्या घरात एखादा फोटो हार घातलेला आहे आणि त्याखाली तारीख हीच आहे. त्या दिवशी आम्ही दिनविशेष वाचत नाही. घरून ऐकून आलेलं ज्याला सांगायचंय तो सांगतो, बाकीचे ऐकतात. मग भूकंप आला तर बाकाखाली कसं शिरायचं, दप्तर डोक्यावर कसं धरायचं, हे सगळ्यांकडून करून घेते.

१२ एप्रिलच्या पानावर तर आमच्याबद्दल काहीच नाही. २०१६ साली त्या दिवशी मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. यंदा त्याला दहा वर्षं झाली. नळाला आठवडे-आठवडे पाणी नव्हतं, घागरींच्या रांगांवरून भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लागली होती. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती. याच महिन्यात चार दिवसांनी, १६ एप्रिलला, कॅलेंडर पहिल्या रेल्वेबद्दल मात्र भरभरून सांगतं. १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. वाचायला सुरेख आहे, पानातलं सगळ्यात चांगलं लेखन तेच. मी दोन्ही पानं शेजारी लावली. १२ ला रविवार होता, म्हणून १३ ला परिपाठात सांगितलं, जालियनवाला बागेच्या आधी. आपल्या लातूरच्या रेल्वेची बातमी ऐकताना मुलं पुढे सरकून बसली.

मागच्या बाजूबद्दल थोडक्यात. सुविचार ठीक, कोडी चांगली, पाककृती घरी करून पाहण्यासारख्या. घरगुती औषधांची पानं मी मुलांसमोर वाचत नाही. त्यांतले काही उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत असे आहेत आणि तशी सूचना छापलेली नाही. ती छापली पाहिजे. कोऱ्या भागाचा उपयोग पहिलीची मुलं अंक गिरवायला करतात, म्हणून फाडलेलं एकही पान वाया जात नाही.

घ्यावं का? शाळेसाठी जरूर घ्यावं. ग्रामपंचायतीत, वाचनालयात, दवाखान्यात, जिथं माणसं उभ्याने थांबतात तिथंही शोभेल. घरी दोन म्हातारी माणसं असतील तर त्यांनाही आवडेल, फक्त चंद्रोदयाची वेळ आपल्या गावाची करून द्या. आणलं की पहिल्या रविवारी बसून सगळा गठ्ठा चाळावा आणि आपल्या जिल्ह्याच्या, गावाच्या, घराच्या तारखा पेन्सिलीने लिहून टाकाव्यात, पेनाची शाई मागे फुटते. दुकानात घेताना पट्टीच्या पिना दोन्ही बाजूंनी आत वळलेल्या आहेत ना ते बघा, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच घ्या. जानेवारी लागला की चांगल्या छपाईचे गठ्ठे संपलेले असतात.

प्रकाशकाला मी पत्र पाठवलं आहे. संक्रांतीचे दोन शब्द, न्यूटनचा कंस, चंद्राची तारीख, १ ऑगस्टचं साल, शहरांच्या वेळा, १७ सप्टेंबरची कोरी जागा आणि जानेवारीतली येळवस, सगळं पान नंबरसह लिहून. सोबत मुलांनी गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून केलेली औसा तालुक्याच्या तारखांची यादीही जोडली आहे.